कलरमास्तरांची अक्षरं

“वरची पोर बोलत नही, पण इंग्रजी तिचं पक्कं शे,” खालच्या खोलीतले कलरमास्तर बायकोला सांगत होते. जिन्यात ते ऐकून मी आल्या पावली वर वळले, तोवर त्यांनी हाक मारलीच, “ओ बेन, ये ना!”

नमुना समोर असला की जगातली कुठलीही गोष्ट जुळवता येते, यावर कलरमास्तरांइतका विश्वास असलेला माणूस सुरतेतल्या अख्ख्या पांडेसऱ्यात नसेल. मिलमध्ये ते साड्यांचे रंग जुळवत आणि घरी चहाचा. कप दारात उजेडाला धरून “कालच्यापेक्षा फिका,” म्हणत नि परत पाठवत. लग्नासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही आधी तिच्या पदराचा रंग उन्हात नेऊन पाहिला, असं त्यांची बायको, म्हणजे काकू, सांगत.

मिलच्या शेठच्या नातवाला इंग्रजी अक्षरांची नावं नाही, आवाज शिकवतात, हे त्यांच्या कानावर आलं. आपल्या पाच वर्षांच्या मुलीला, दिपूला, तसंच शिकवून इंग्रजी शाळेत घालायचं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांना स्वतःला त्यातलं काही येत नव्हतं. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून आवाज माझे. पद्धत मात्र त्यांची. मिलमधल्या चिंध्यांतून अक्षरं कापायची, पुठ्ठ्यावर चिकटवायची, एकेका आवाजाला एकेक रंग. ‘स्स’ राणी रंगाचा, ‘ट’ मोरपंखी. “एस नही, स्स! वाफ सुटस ना, तशी,” म्हणत ते स्वतःच सुटत. काकू लाटणं थांबवून म्हणत, “आते पोरलेबी भट्टीमा टाका!” महिन्याभरात दिपू धडाधड वाचू लागली. मास्तर जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला बोलावून ऐकवत.

शाळेच्या मुलाखतीला आठवडा उरला असताना मी तेच शब्द वहीत पेन्सिलीनं लिहिले. दिपू बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “ताई, याचा कपडा कुठंय?”

ती अक्षरं वाचतच नव्हती, रंग वाचत होती. एवढ्यात मास्तर पाळीवरून आले, हातात शाळेसाठी आणलेलं नवं दप्तर. मी वही मिटली. उद्या सांगू म्हटलं. मग रोजच उद्या म्हटलं.

मुलाखतीच्या दिवशी शाळेच्या फळ्यावर सगळी अक्षरं पांढरी होती.

घरी येऊन मास्तरांनी पुठ्ठे बंबात घातले. “डोकंच नही पोरले,” म्हणाले, आणि ते वाक्य त्या घरात कायमचं राहायला आलं. महापालिकेच्या शाळेतही दिपूआधी तेच पोचलं. सातवीत तिला काढून घेतलं. आता ती काकूंबरोबर साड्यांवर टिकल्या चिकटवते. ढिगातून नेमक्या रंगाची टिकली नमुना न बघता उचलते.

काल मास्तर पाहुण्यांना कौतुकानं सांगत होते, “पोरनी नजर मनी, बापनी शे, डोकं मात्र नही.” त्यांची मान आता जराशी हलते. दिपूनं वर पाहिलं नाही. मी नेहमीसारखी जिन्यात होते. दोन पायऱ्या उतरले आणि दारात उभी राहिले.

“काका, डोकं आहे तिला. चूक पुठ्ठ्यांत होती. मला तेव्हाच दिसली होती. मी बोलले नाही.”