भुऱ्याचं गजकर्ण

आमच्या जांभूळ गावात कुणाला काही झालं, की मोतीबाई औषध घेऊन हजर. नको म्हणालात तर रागावणार, घेतलंत तर उद्या बघायला येणार. आणि गुण आला की औषध बंद, हा तिचा कायदा. जास्त औषध अंगात मुरतं, असं तिचं ठाम मत. तसं आमच्याकडे सगळ्यांचंच आहे म्हणा, ती फक्त ते मोठ्यानं सांगायची.

तिच्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या मानेवर गजकर्ण उठलं, तेव्हा तिनं घरातलीच खाजेची ट्यूब लावली. खाज थांबली, ट्यूब फळीवर गेली. मग चट्टा पाठीवर पसरला. अंबरनाथ पूर्वेच्या प्राण्यांच्या डॉक्टर कीर्ती यांनी गोळ्या दिल्या, मी सांगेपर्यंत थांबवू नका म्हणाल्या. केस उगवताना दिसले आणि मोतीबाईनं गोळ्या थांबवल्या. शेजारीण म्हणून मी बोलले, तर मलाच ऐकवलं, "गुण आला ना, मग आता कशाला द्याचा? मुका जीव हाय तो."

असं पुन्हा पुन्हा झालं. शेवटी गोळ्या लागूच पडेनात. डॉक्टरांनी खपली तपासायला पाठवली.

"मावशी, खाज गेली म्हणजे रोग गेला नव्हता," त्या म्हणाल्या. "अर्धवट औषधातून जी बुरशी वाचली, ती आता या गोळीला दाद देत नाही. दुसरं औषध देऊ, पण वेळ लागेल."

तोवर मोतीबाईच्या हातांवरही तेच चट्टे उठले होते. भुरा बसायचाच तिच्या कुशीत, दुसरं काय होणार.

मुलगी मनाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. मोतीबाईनं खोली रंगवली, मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. मग मनालीचा फोन आला. "आई, तुझे हात बरे होऊ दे. मी इथंच राहते." ती भांडली असती तर मोतीबाईनं चार शब्द ऐकवले असते. ती समजूत घालत होती, तेच सोसवेना. "माझाच हट्ट नडला," एवढंच मोतीबाई म्हणाली. भुऱ्याला तिनं कधी बोल लावला नाही.

नात झाली. बारशाला आम्ही दोघी बदलापूरला गेलो. पाळण्याखालून बाळ बायकांच्या या हातातून त्या हातात फिरलं. माझ्याही हातात आलं. मनालीच्या सासूबाईंनी आजीला पुढे बोलावलं, तेव्हा मोतीबाईनं हात पाठीमागे नेले.

"तुमीच घ्या," ती म्हणाली, "मी हितूनच बगते."