नोटीस आलेली माणसं

रिटर्नचा सीझन संपला की आम्ही जुन्या मैत्रिणी एकदा जेवायला भेटतो. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "तुझ्या टॅक्सच्या कामात सांगण्यासारखं काय असतंय गं?" मग मी एक सांगते, त्यावरून दुसरं आठवतं आणि ताटातले हात वाळून जातात. राजारामपुरीत माझं करसल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. नोटीस आली की लोक जिना चढून येतात. कागद मी बघते, बाकीचं तेच सांगत बसतात.

गगनबावड्याकडचे एक रिटायर्ड ड्रायव्हर होते. पगारातून टॅक्स कापलेला, पण त्यांच्या नावावर जमाच दिसेना. शोधलं तर त्यांच्या खात्यातल्या क्लार्कनं पॅन नंबरात एमच्या जागी एन टाकला होता. काका सहा वेळा जाऊन सांगून आले होते. मी म्हटलं, "आता वरच्या साहेबांकडं लेखी तक्रार देऊ."

"नको ताई. त्याला नीट दिसत न्हाय. रिटायरला चार म्हैनं ऱ्हायल्यात." मग म्हणाले, "माझं बी डोळं शेवटाला असंच झाल्तं. डेपोतल्यांनी बोभाटा केला न्हाय. गपगुमान गेटवर बसवलं."

मग मीच त्या क्लार्कला फोन लावला आणि एकेक अक्षर वाचून दाखवलं. "एम. मिरजेचा एम." दुरुस्ती झाली. फोन ठेवताना तो हळूच म्हणाला, "मॅडम, ह्ये कुठं बोलू नका." म्हणून खात्याचं नाव सांगत नाही.

बिद्रीकडच्या दोन भावांनी वडिलांचा प्लॉट विकला. घेणाऱ्यानं टॅक्स कापला आणि सगळा थोरल्याच्या पॅनवर भरून टाकला. धाकट्यानं आपल्या वाट्याचं क्रेडिट मागितलं, तर त्याला नोटीस. थोरल्यानं लेखी दिलं असतं तर प्रश्न मिटत होता.

"तो सही देणार न्हाय," धाकटा म्हणाला. "आईच्या दिवसाला बी आम्ही दोन टोकाला बसलोतो."

मी थोरल्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी तो आला, न वाचता सही केली आणि बसूनच राहिला. मग म्हणाला, "त्याला शुगर निघाल्या म्हणं."

"असेल. मला नाही माहीत."

"चहात साखर घालू नको म्हणावं. मी सांगितलं म्हणून सांगू नका."

काम झाल्यावर धाकटा कागद न्यायला आला. सहीवर बोट ठेवून म्हणाला, "अजून अशीच करतोय. शाळंत माझ्या प्रगतिपुस्तकावर आप्पांची सही ह्योच ठोकायचा." मग विचारलं, "ह्येची झेरॉक्स मिळंल काय?" तिचा त्याला काही उपयोग नव्हता. मी काढून दिली.

कागलच्या एका शिक्षकांना रिटर्नमध्ये चूक असल्याची नोटीस आली, तेव्हा त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांची बायको ती घेऊन आली. सोबत त्यांचा मोबाइल, चार्ज केलेला.

"बॅलन्स मी भरतो की दर म्हैन्याला," ती म्हणाली. "ह्येचा मेसेज आला तवा धाकटी पळत आली. म्हणली, पप्पांना मेसेज आला."

मी समजावलं, आता वारस म्हणून तुमची नोंद करू, पुढचं सगळं तुमच्या नंबरवर येईल. त्यांचा फोन बंद केला तरी चालेल.

"मग त्यास्नी काहीच येणार न्हाय?"

"नाही."

नोंद झाली, चूक दुरुस्त झाली. जाताना दारात थांबून ती म्हणाली, "त्यांच्या नंबरवर एक मेसेज टाका की. काम झालं म्हणून."

मी टाकला. तिच्या पर्समध्ये फोन वाजला. तिनं काढला नाही. "घरी जाऊन वाचतो," म्हणाली.

आणि शिरोलीच्या फाउंड्रीतले एक सुपरवायझर. मुलगी, प्राजू, जन्मापासून अंथरुणावर. अपंग मुलीचा सांभाळ करतात म्हणून त्यांना दरवर्षी टॅक्समध्ये सूट मिळायची. यंदा मागच्या वर्षीच्या सुटीवर हरकत आली, दाखल्याची मुदत संपली म्हणून. त्यांच्याकडं नवा दाखला होता, प्लास्टिकच्या पिशवीत घडी न पडता ठेवलेला. तो जोडून उत्तर दिलं, हरकत गेली.

मग मी यंदाचं रिटर्न उघडलं. ते म्हणाले, "यंदा ते घालू नका. प्राजू मागच्या साली एप्रिलात गेली. सात तारखेला."

मी नियम होता तोच सांगितला. हे रिटर्न ज्या वर्षाचं, ते मागच्या वर्षी एक एप्रिलला सुरू झालं. या सुटीत दिवस मोजत नाहीत. सूट पूर्ण वर्षाची मिळते.

"सात दिवस हुती की फक्त."

"तरीही."

"मग फॉर्मात तिचं काही येणार?"

"येणार. अवलंबून असलेली व्यक्ती, मुलगी. तिचा आधार नंबरही लागतो."

"आन् पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी नाही."

आधार नंबर त्यांना पाठ होता. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. मग खुर्ची ओढून स्क्रीनजवळ आले आणि तेवढीच ओळ बघत बसले. मी म्हटलं, "भरून टाकू का?"

"मुदत कवापातूर हाय?"

"एकतीस जुलै. अजून पाच आठवडे आहेत."

"मग एकतीसलाच भरू या," ते म्हणाले.