फलकावरची बाई

धानोऱ्याच्या बसस्थानकावरून चोरीला गेलेला तो फलक आठवला की मला आजही थोडी लाज वाटते. चोरी छोटी होती, माझा शहाणपणा मोठा होता.

फलक एका संस्थेचा होता. जवळच्या एका गावातल्या बायका मोहफुलांचे लाडू करायच्या, ते केंद्र ही संस्था चालवायची. बाहेरगावचे देणगीदार यायच्या तोंडावर फलक गायब झाला. संस्थेचे प्रमुख अर्ज घेऊन ठाण्यात आले. माणूस सज्जन, पण भलताच तापलेला. "आमचं नाव खराब करायचा डाव आहे, साहेब. बायकांनीही केंद्रावर येणं बंद केलंय." मी अर्ज चौकशीवर घेतला.

दुसऱ्याच सकाळी चहावाल्याने खबर दिली. त्याच गावात एका अंगणात फलक पालथा घालून त्यावर मोहफुलं वाळत घातली होती. आम्ही फलक तसाच पालथा उचलून आणला आणि त्या घरच्या बाईला ठाण्यात बोलावलं. महिला शिपायाला शेजारी बसवून विचारपूस सुरू केली. चोर सहसा आधी नाकारतो, मग रडतो. ही दोन्ही करेना.

शेवटी वैतागून मी म्हणालो, "फलक सरळ करा, हिला बाजूला उभी करा आणि फोटो घ्या." पेपरात बातमी द्यायची आमची हीच पद्धत. फलक सरळ झाला. त्यावर तिचाच चेहरा होता आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'या उपाशी कुटुंबाला हात द्या'.

तिने पदर तोंडावर ओढला. "साहेब, तुमीबी न विचारताच फोटो काढता काय?"

शिपायाने मोबाईल खाली घेतला. मी प्रमुखांना बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर ती बोलली, "मी चोरलं नाई. माझं तोंड होतं त्याच्यावर, ते घरी नेलं. माझ्या घरी कोण उपाशी हाय? पोरीले पाहाले पाहुणे आले, बसमधून उतरले, बोर्ड पाह्यला अन् तसेच वापस गेले. पोरगी तवापासून धड जेवून नाई राह्यली."

प्रमुखांचा चेहरा उतरला. "बाई, हा फोटो काढला त्या दिवशी मी तुमच्याच घरी जेवलो होतो," एवढंच ते म्हणाले. त्यांनी अर्ज मागे घेतला. मग स्वतः पाहुण्यांच्या गावी जाऊन आपली चूक सांगून आले. मीही सोबत गेलो होतो, साध्या कपड्यांत. सोयरीक जुळली.

नंतर गावच्या सभेत त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. नवा फलक करायचा होता. त्यांनी तिला विचारलं, "बाई, फोटो काढू का?"

"नाई," ती म्हणाली.

"बरं," म्हणून त्यांनी मोबाईल खिशात ठेवला.

नोकरीत मी पुष्कळ जाहिराती आणि जनजागृती मेळावे पाहिले. लोकांचा विश्वास कसा बसतो, हे मला त्या एका 'बरं'मध्ये कळलं. दुसऱ्या दिवशी केंद्राचं दार उघडायच्या आधीच ती पायरीवर येऊन बसली होती, आणि तिच्यामागे गावातल्या बाकीच्या बाया.