माईआत्याचं प्रमाण डोकं

माईआत्या माणसाला दुखवायची ते अगदी बिनचूक. माझ्या लग्नात नव्या सुनेकडे पाहून म्हणाली, "मुलगी चांगली आहे. हिचं कुठे अडलं होतं म्हणून तुझ्याकडे आली?" आमच्या देवासच्या घरात तिला उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. ती काम करायची त्या एमआरआय सेंटरातली मुलं तिला पाठीमागे 'थानेदार मॅडम' म्हणत. मला तिचा राग यायचा, आणि तिच्याशिवाय करमायचंही नाही.

ती मूळची फिजिक्सची. मेंदूचे नुसते फोटो तिला चालत नसत. "फोटो लग्नात काढा. मला आकडा सांगा," म्हणायची. ताप धारला मोजा नाहीतर देवासला, थर्मामीटर तोच आकडा दाखवतो. मेंदूच्या प्रत्येक भागाचंही तसंच मोजमाप व्हावं, हा तिचा ध्यास. त्यासाठी तिने सॉफ्टवेअर लिहिलं आणि निरोगी माणसांच्या मेंदूचे नकाशे नेटवर साऱ्या जगाला फुकट खुले केले. नकाशा चढवण्याआधी त्यातला चेहरा पुसायचा, म्हणजे डोकं कुणाचं ते कळू नये. मी तिचा भाचा, म्हणून ते पुसण्याचं काम माझ्या गळ्यात.

सेंटरचं एक मशीन देवासला, एक धारला. दोन्ही जुळतात का, हे पाहायला तिने स्वतःचंच डोकं माप म्हणून ठरवलं होतं. दर महिन्याला देवासच्या मशीनमध्ये झोपायची, मग बसने धारला जाऊन तिथल्या मशीनमध्ये झोपायची. तिचे नकाशेही 'निरोगी' म्हणून नेटवर चढत. मशीन तपासायला ठरावीक पाण्याच्या बंद बाटल्याही असत, पण त्यांच्यावर तिचा विश्वास नव्हता. "बाटली फुटते. माझं डोकं कुठे जात नाही."

मग धारच्या नव्या, जास्त बारीक मोजणाऱ्या मशीनवर तिच्या डोक्याचे आकडे सरकू लागले. तिथल्या टेक्निशियनला, राकेशला, तिने पेशंटांसमोर झापलं, "मशीन झोपलं होतं की तू?"

तो हात जोडून म्हणाला, "मॅडम, बोतल का नंबर तो बिलकुल बराबर आ रिया है."

"मग बाटलीतलं पाणी शिळं झालंय."

सेंटरच्या मालकाला सांगून तिने त्याची नोकरी घालवली. जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "भिया, बोतल ठीक है. आत्याजी को किसी डॉक्टर को दिखा दो." मी ते तिच्या कानावर घातलं. "नोकरी गेली की माणसं असंच बोलतात," ती म्हणाली.

पुढे देवासलाही आकडे सरकले. तेव्हा तिने सॉफ्टवेअरमध्येच दुरुस्ती घातली, आणि तिचं डोकं पुन्हा जुळलं. पण नकाशांसारखं सॉफ्टवेअरही साऱ्या जगाला खुलं. कुठल्याशा परक्या मुलीने ते तपासून सगळ्यांसमोर लिहिलं, की या दुरुस्तीने बाकी सर्वांचे मेंदू बिघडलेले दिसतात, एकच तेवढा बरा राहतो. आत्याने ते वाचलं आणि दुरुस्ती काढली. मी म्हटलं, आता राकेशला परत बोलवू या. तिने विचारलं, "कोण राकेश?"

मला वाटलं, नेहमीचा तोरा. तो तोरा नव्हता. डॉक्टरांनी पाहिलं तोवर मेंदू बराच झिजला होता.

आता ती देवासला खिडकीपाशी बसून असते. मला ओळखत नाही. मेंदूचा नकाशा मात्र अजून वाचते. परवा तिच्यासमोर तिचाच शेवटचा नकाशा उघडला. चेहरा नव्हता, मीच पुसलेला. खाली अजून 'स्त्री, निरोगी' लिहिलेलं. तिने चष्मा लावला.

"ही निरोगी? कुठल्या गाढवाने लिहिलंय? या बाईचा मेंदू झिजत चाललाय. आधी बदल ते."

मी तिच्या देखत 'निरोगी' हा शब्द काढला.

"तिला सांगितलंस का?"

"सांगितलं होतं."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, बाटलीतलं पाणी शिळं झालंय."

आत्या खुदकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "म्हणजे आधीपासूनच मूर्ख होती," ती म्हणाली, आणि मला पुढचं डोकं दाखवायला सांगितलं.