मावशींनी कोर्टात घेतलेलं नाव

वकिलाशिवाय कोर्टात जाणारी माणसं पुष्कळ असतील, पण ज्याच्यावर दावा लावायचा त्याचंच नाव सांगायला ठाम नकार देणारी बाई साऱ्या निमाडात एकच झाली. ती म्हणजे आमच्या घरमालकीण मावशी. राजघाटाजवळच्या त्यांच्या घरात मी, नवा शाळामास्तर, भाड्याने राहत असे. प्रांतांची वाटणी झाली, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं आणि मावशींच्या कारकून यजमानांची नेमणूक नागपूरला, म्हणजे आता परराज्यात, झाली. "घर मिळालं की नेतो," म्हणून ते गेले ते गेलेच. मावशींची ट्रंक मात्र भरलेलीच राहिली. रोजचं लुगडंही त्या ट्रंकेतून काढत आणि वाळलं की घडी घालून परत ट्रंकेतच ठेवत. स्वयंपाक दोघांचा करत. दुसऱ्या ताटातलं सकाळी मला मिळे, त्यामुळे माझी काही तक्रार नव्हती.

नवऱ्याने नांदवायला न्यावं म्हणून नव्या कायद्याने दावा लावता येतो, हे कळल्यावर त्या आधी वकिलाकडे गेल्या होत्या. त्याने 'निर्दयपणे टाकून दिले' असं लिहिलं, तेही नावापुढे साधं 'राव' न लावता. मावशींनी कागद हिसकावून घेतला आणि घरी येऊन स्वतः अर्ज लिहिला. त्यात यजमानांचा उंच बांधा होता, सुंदर अक्षर होतं, गवारीची नावड होती. नाव तेवढं नव्हतं. सगळीकडे 'आमचे हे'. कोर्टातल्या बाबूने कपाळाला हात लावला.

"बाई, ये दावा है कि मानपत्र? नाव टाका न."

"नाव घेतलं त त्यांचं आयुष्य कमी होते न, भाऊ."

मी लिहून देतो म्हटलं, तर माझ्यावरच डाफरल्या, "मास्तर, खाली सही त माझीच न!"

अर्ज परत येई, मावशी तो पुन्हा नेत. शेवटी कंटाळून बाबूने त्यांना जज्जसाहेबांपुढेच उभं केलं. त्या दिवशी मावशी हिरवं लुगडं नेसून, नथ घालून निघाल्या. मला काही उलगडेना. कोर्टात शिरताच त्यांनी एकेक बाक न्याहाळला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं. अर्ज दिला की कोर्ट माणसाला आणून उभं करतं, अशी त्यांची समजूत होती. साहेबांनी नाव विचारलं.

"ते आले का घेते न, साहेब. उंबऱ्यावर घ्याले जुळवून ठेवलं हाये."

साहेब हळूच म्हणाले, "बाई, नाम मिलेगा तभी तो बुलाएँगे."

मग डोक्यावरचा पदर सारखा करून, दाराकडे बघत, लग्नघरातल्या खणखणीत आवाजात मावशींनी नाव घेतलं:

"राजघाटी दिवा सोडते, तापीमाईला साकडं,
माधवरावांचं नाव घेते, लक्ष असू द्या इकडं."

सगळं कोर्ट हसलं. बाबू लेखणी सावरत म्हणाला, "फिर से बोलिए, लिखना है." मावशींनी पुन्हा सांगितलं, तेव्हा नुसतंच नाव सांगितलं, आणि ते मलासुद्धा नीट ऐकू आलं नाही. फार वाईट वाटलं.

नोटीस गेली, ते आले नाहीत. निकाल मावशींच्या बाजूने लागला, तरीही आले नाहीत. पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी मावशींना नाव घ्यायचा आग्रह धरला.

"माझं घेऊन झालं वो," त्या म्हणाल्या, आणि तिळगुळाचं ताट घेऊन पुढच्या बाईकडे वळल्या.