ओळंबेकाका

ओळंबेकाकांना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. घरी आले की खिडकीशी उभे राहायचे, तिथून भिंतीशी, भिंतीपासून पुन्हा खिडकीशी. माझ्या बायकोने, मेधाने, केलेलं थालीपीठसुद्धा त्यांनी ताटली हातात धरून, फेऱ्या मारत खाल्लं. आणि याच माणसाने काढलेले फोटो इतके निश्चल, की बघताना आपल्या श्वासाचा आवाज होतोय असं वाटावं.

ते इटालियन. इमारतींचे फोटो काढणं हा त्यांचा पेशा. वडील गवंडी, कामासाठी जर्मनीत आलेले. त्यांचा पितळी ओळंबा काकांच्या कोटाच्या खिशात कायम असे. कुठल्याही भिंतीपुढे आधी दोरी सोडायची, एक डोळा मिटून पाहायचं, मगच कॅमेरा लावायचा. मेधाने त्यावरूनच हे नाव ठेवलं. न्युरेम्बर्गच्या आमच्या भाड्याच्या घरात त्यांनी पहिल्याच दिवशी गणपतीच्या तसबिरीशेजारी ओळंबा धरला. "तसबीर सरळ आहे," ते गंभीरपणे म्हणाले, "घर चुकलंय." आमची मुलगी जर्मनमध्येच म्हणाली, की हे घरमालकालाही सांगा.

तरुणपणी त्यांनी मोठमोठ्या आर्किटेक्टांच्या कोऱ्या इमारती टिपल्या. उतारवयात मात्र फक्त पाडायला काढलेल्या इमारतींची कामं घेत. कारण विचारलं तर म्हणत, "नव्या इमारतीला कसली घाई? ती उद्याही असते."

त्यांच्या फोटोंत माणूस नसे. भर बाजारातली इमारत, पण रस्ता रिकामा. मला वाटायचं, हे सगळे जाईपर्यंत वाट बघत असणार. तसं विचारलं तेव्हा ते हसले. त्यांचा कॅमेरा जुना, फिल्मचा. काळ्या कापडाखाली डोकं घालून जुळवायचा, आणि शटर कितीतरी मिनिटं उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात चालती माणसं फिल्मवर उमटतच नाहीत. "जात कुणीच नाही, इंजेनिएरे," ते म्हणाले. "थांबत नाहीत, म्हणून येत नाहीत."

इंजेनिएरे, इटालियनमध्ये इंजिनिअर, म्हणजे मी. आमच्या कंपनीची जुनी फाउंड्री पाडायचं काम माझ्याकडे होतं. जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी खात्याने परवानगी देताना अट घातली होती, की आधी नीट फोटो काढून ठेवा. म्हणून काका आले. बाकीचे फोटो भराभर झाले. अडलं ते मोठ्या भट्टीपाशी. तिच्यावर पूर्वेच्या उंच खिडकीतून ऊन पडलेलं त्यांना हवं होतं. त्यांचे वडील जर्मनीत आल्यावर याच भट्टीच्या विटा बदलायला यायचे. आणि ऊन काही पडेना. काका रोज पहाटे यायचे, तिकाटणं उभं करायचे, शेडभर येरझाऱ्या घालायचे, आणि दुपारी सगळं आवरून निघून जायचे. पाडकाम सोमवारी सुरू होणार होतं. तो टेर्मीन, ती ठरलेली तारीख, पुढे ढकलणं माझ्या हातात नव्हतं. त्यांच्याइतकाच मीही आभाळाकडे बघू लागलो.

शुक्रवारी सकाळी ऊन आलं. भट्टीचा एकेक डाग दिसू लागला. काकांनी ओळंबा सोडला, पाहिलं, आणि मला हाक मारली. भट्टी किती उंच आहे ते माणसाशिवाय कळणार नाही, तेव्हा शेजारी उभा राहा म्हणाले. मी म्हटलं, तुमच्या फोटोत माणूस?

"पाडणारा तू," ते म्हणाले, "मग शेवटचा उभा राहणाराही तूच."

मी उभा राहिलो. शटर उघडलं. काका पहिल्यांदाच एका जागी स्तब्ध उभे होते. माझ्या खिशात फोन थरथरला. थांबला, पुन्हा थरथरला. मनात म्हटलं, सोमवारच्या क्रेनचं असणार. खरंच तेच होतं. मी चार पावलं बाजूला गेलो, "या, या, गेनाऊ" असं जर्मनमध्ये हो-हो करत बोललो, आणि वळून पाहिलं तर काका शटर बंद करत होते. खिडकीत पुन्हा ढग आला होता. दुपारपर्यंत आम्ही दोघेही येरझाऱ्या घालत राहिलो. ऊन परतलं नाही.

इटलीला कायमचं जाण्याआधी ते घरी आले आणि तो फोटो मला दिला. भट्टी जशी हवी तशी आली होती. तिच्याशेजारी धुरासारखा एक माणूस होता. त्याच्या छातीतून मागच्या विटा मोजता याव्यात. मी माफी मागू लागलो. त्यांनी हात हलवला.

"जेवढा थांबलास," ते म्हणाले, "तेवढा आलास."

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते खिडकीकडे गेले, तिथून दाराकडे, आणि तसेच निघाले.

फोटो आमच्या बैठकीत आहे, ओळंब्यात. त्याच्याकडे पाहिलं की मला फाउंड्री आठवत नाही, नाशिकचं घर आठवतं. आप्पा, माझे वडील, आता पलंगावरच असतात. मी दरवर्षी जातो. लॅपटॉप घेऊन त्यांच्याच खोलीत बसतो, आणि फोन आला की गॅलरीत जातो. इतकी वर्षं याला मी भेट म्हणत आलो.

यंदा फोन बंद करून आत कपाटात ठेवला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली. आप्पा थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"तुझी मीटिंग नाही का रे?"

"नाही, आप्पा."

जरा वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. हात सारखा रिकाम्या खिशाकडे जात होता. मी तो उचलून त्यांच्या हातावर ठेवला, आणि हललो नाही.