उजव्या पायाची घडी

आमच्या गल्लीतले मास्तर नगरात कुठंही सायकलवरच जातात. साखळीचं ग्रीस लागू नये म्हणून उजव्या पायाची पँट दुमडून तिच्यावर रबर चढवतात. पण चर्च असो की किराणा दुकान, दारात उतरलं की आधी वाकून रबर काढायचं, घडी सोडायची, हातानं इस्त्री नीट करायची आणि मगच "जय ख्रिस्त". दुमडलेल्या पँटीत त्यांना कुणाशी बोलताना मी कधी पाहिलं नाही.

मी जाहिराती करतो. यंदा एका कपड्यांच्या दुकानाला सायकलवाल्या शहरी पोरांची फॅशन हवी होती. मॉडेल पुण्याहून आणला, सायकल भाड्यानं आणली. उजव्या पायाची घडी मात्र मी मास्तरांची उचलली. सायकलीला टेकून उभ्या त्या पोराला ती भलतीच शोभली. चौकात हे भलंमोठं होर्डिंग लागलं.

काल मास्तर माझ्या दारात उतरले. घडी सोडली, पण "जय ख्रिस्त" म्हणायचं विसरून हळू आवाजात म्हणाले, "चौकातलं काम तुमचंच हाय ना? त्या पोराची घडी सोडायची ऱ्हायली बघा. एवढी माणसं येत्यात-जात्यात. लाजंल की बिचारं."

ती मुद्दामच ठेवलीय, हे सांगायला माझी जीभ रेटेना. "बघतो," एवढंच म्हणालो.

ते सायकलपाशी गेले आणि रबर हातात धरून तसेच थांबले. माझ्यादेखत त्यांना घडी घालवेना.

मी दार लावून घेतलं.